पाण्यातल्या फोनचा पंचनामा

फोनचा विमा काढावा का नाही, हे हल्ली लोक मला विचारतात. मी काही विम्याची एजंट नाही. नांदेड-लातूर गाडीवर कंडक्टर आहे, चौदा वर्षं झाली. पण माझ्या फोनचा किस्सा डेपोभर झाला आणि डेपोतून कुठं कुठं गेला ते मलाच ठाऊक नाही. परवा अहमदपूरला एक बाई चढल्या, तिकीट घेतलं, सुट्टे पर्समध्ये टाकले आणि मग म्हणाल्या, "ताई, त्या पंचनाम्यावाल्या तुम्हीच का?" मी म्हटलं, "हाव, मीच. आता आत सरका, दार अडवू नका."

तर विचारणाऱ्याला मी सांगते, पण माझी एक अट असते. अर्ध्यात "म्हणजे काढू का नको तेवढं सांगा" असं करायचं नाही. पुरतं ऐकायचं, मग काय करायचं ते करा.

आधीचा फोन गाडीतच मेला. लोह्याला एका माणसानं डाळीचा कट्टा धाडकन खाली टाकला, तो नेमका माझ्या फोनवर. फोन खाली कसा गेला म्हणाल, तर एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हातात पैसे, फोन काखेत. कंडक्टरला तिसरा हात देवानं दिलेला नाही. वर त्या माणसानं मलाच ऐकवलं, "मॅडम, फोन सांभाळायला नको का?" मी त्याला काय बोलले ते इथं लिहीत नाही.

नवा फोन लातूरला घेतला. गाडी तिथं लागली की परत निघायला दीड-दोन तास असतात. बसस्थानकाच्या मागं एक दुकान आहे, तिथं गेले. बरोबर आमचे ड्रायव्हर होते. शांत माणूस, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे, म्हैस आडवी आली तरी हॉर्न न वाजवता थांबणारे. फोन पसंत केला एकवीस हजारांचा. माझ्या पगारातला, रोख. माझं लग्न मोडलं त्याला दहा वर्षं झाली. तो विषय इथं काढायचा नाही, एवढंच सांगते की काय घ्यायचं आणि काय नाही घ्यायचं हे मला कुणाला विचारावं लागत नाही.

दुकानातली पोरगी चुणचुणीत होती. बिल करता करता म्हणाली, "मॅडम, विमा घेणार ना? पडला, फुटला, पाण्यात गेला, सगळं कव्हर."

"केवढ्याला?"

"वर्षाला अठराशे नव्वद फक्त."

ह्या "फक्त"ची मला चीड आहे. म्हटलं, "अन् वर्षभर काहीच झालं नाही तर?"

"तर चांगलंच आहे की, मॅडम."

"चांगलं कुणाचं?"

पोरगी हसली. ड्रायव्हर म्हणाले, "मॅडम, पाच-सहा वर्षं हे भरत बसलात तर अर्धा फोन त्यातच जातो. जाड कव्हर घाला, काच लावा अन् गळ्यात दोरी बांधा." खरं सांगते, मी नाहीच म्हणणार होते. जे झालं नाही त्याचे पैसे आधीच का द्यायचे, असं माझं मत होतं. पण सवयीनं दादांना फोन लावला. विचारायला नाही, सांगायला. नवी वस्तू घेतली की आधी दादांना सांगायची माझी रीत आहे.

दादा म्हणजे माझे वडील. आमच्याकडं बापाला दादाच म्हणतात. हदगाव तालुक्यात आमचं गाव, आठ एकर रान, सोयाबीन आणि कापूस. आई गेल्यापासून दादा एकटेच राहतात आणि कुणावर अवलंबून नाहीत. शिक्षण सातवी, पण अक्षर असं की तलाठ्यानं त्यांच्याकडून अर्ज लिहून घ्यावा. गावात पीक विम्याचं कुणाचंही काम असलं की लोक दादांच्या दारात. गारपीट झाली, दादा. पाणी साचलं, दादा. त्यांचे नियम गावातल्या बारक्या पोरांनासुद्धा पाठ आहेत: तीन दिवसांच्या आत कळवायचं, फोटो काढायचा, दोन पंच घ्यायचे, वेळ घालून पंचनामा लिहायचा, आणि पाहणी होईस्तोवर कशाला म्हणजे कशाला हात लावायचा नाही.

दादा फोनवर म्हणाले, "विम्याशिवाय घेऊन राहिलीस का? अगं, पीक तरी जागेवर उभं राहतंय. फोन तर दिवसभर गावं हिंडून राहिलाय. काढ मुकाट्यानं."

मी काढला. ड्रायव्हरांनी कपाळाला हात लावला. पोरीनं एक जाड पुस्तिका दिली, ती मी न वाचता कपाटात साड्यांखाली ठेवली. तुम्हीही हेच करता, उगाच तोंड वाकडं करू नका.

पुढं तीन महिने फोनला काही झालं नाही. मग भादव्यात मी आठवडी सुट्टीला गावाकडं गेले. पिकाची पाहणी लावायची होती. शेतात उभं राहून सरकारी ॲपमधून पिकाचा फोटो काढायचा, तो सातबाऱ्यावर चढतो. नाही चढला तर कागदावर तुमचं रान पडीक. दादांचा फोन बटणांचा, म्हणून दरवर्षी हे काम माझ्या फोनवर होतं. पण फोटो मी काढायचा नाही. "तू तुझं टिकिटाचं मशीन चालव. हे रान माझं हाय," असं म्हणून दादा फोन हातात घेतात आणि दोन्ही हातांनी आरतीच्या ताटासारखा धरतात.

आदल्या दिवशी पाऊस होऊन गेला होता. दादा बांधावर उभे, समोर सोयाबीन, मी बाजूला. "पुरं रान आलं पाहिजे, अर्धं नको," असं म्हणत ते एक पाऊल मागं सरकले. मी म्हटलं, "दादा, मागं बघा." आणखी एक सरकले. पाय घसरला. दादा बसले ते बांधावरच, त्यांना काही लागलं नाही, पण फोन हातातून उडाला आणि चारीत गेला. रानातलं पाणी काढून द्यायला खणलेला चर असतो, ती चारी. त्यात वीतभर गढूळ पाणी होतं.

मी चप्पल सोडली, खाली उतरले, वाकले, पाण्यात हात घालणार, तेवढ्यात दादा बसल्या जागेवरून ओरडले, "हात लावू नको!"

मी टुणकन मागं उडी मारली. मला वाटलं साप आहे. "कुठंय? कुठंय?"

"काय कुठंय?"

"साप!"

"साप कशाचा, येडी का काय? पंचनामा व्हायचाय अजून!"

हसू नका. डेपोत सगळे इथंच हसतात. मी थांबले. गाडीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, पण विम्याचा विषय निघाला की दादांच्या पुढं जायची आमच्या गावात कुणाची छाती नाही, आणि मी त्याच गावची आहे. काही वर्षांमागं काढून ठेवलेलं सोयाबीन पावसात भिजलं. लोक ते पसरून वाळवायला धावले. दादांनी आमचा ढीग तसाच ठेवला. मी आणि आई, दोघी रडत होतो, कुबट वास यायला लागला होता, तरी हात लावू दिला नाही. पाहणीला माणसं आली तेव्हा ज्यांचं पसरलेलं होतं त्यांना पाहणीवाले म्हणाले, तुमचं तर वाळलंय की. आम्हाला भरपाई मिळाली. हे डोळ्यांनी पाहिलेली बाई मी. विमा म्हटलं की नुकसान जसंच्या तसं दाखवायचं, हे माझ्या हाडात बसलंय. विमा तर विमा, सोयाबीनचा काय आणि फोनचा काय! त्या घडीला मला त्यात काहीच चूक वाटली नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

दादांनी घड्याळ बघितलं. अकरा वाजून दहा मिनिटं. फोटो काढायला दुसरा फोन हवा, तो शेजारच्या रानातल्या काकांकडं, आणि काका गेलेले गिरणीत. निंदायला आलेल्या एक मावशी बांधाबांधानं त्यांना बोलवायला गेल्या. दादा घरी गेले, कागद, पेन आणि पट्टी घेऊन आले. पट्टी कशाला? पाणी मोजायला. मी तोवर चारीच्या काठावर उकिडवी बसून राखण करत होते.

आणि फोन वाजला.

पाण्याच्या तळाशी उजेड पडला, पाणी थरथरायला लागलं आणि आतून बुडबुड्यांसारखा आवाज यायला लागला. डेपोचा फोन असणार, दुसऱ्या दिवशीची ड्युटी सांगायला. माझा हात आपोआप पुढं गेला. मागून दादा, "उचलू नको!" मी म्हटलं, "दादा, जिवंत आहे अजून!" दादा म्हणाले, "आसू दे. वाजला म्हनून लिवतो." आणि त्यांनी खरंच लिहिलं: "अकरा वाजून चाळीस मिनिटांनी सदर फोन पाण्यात असताना एकवार वाजला." त्यानंतर तो वाजला नाही.

काका आले. सहा फोटो काढले, त्यात एक पट्टी बुडवून. पिकाची पाहणीही मग त्यांच्याच फोनवरून लावली. दादांनी पंचनामा मोठ्यानं वाचून दाखवला. चारीची दिशा, पाण्याची खोली, फोनचा रंग, पडल्याची वेळ, उचलल्याची वेळ बारा वाजून पंचवीस. काकांनी सही केली. मावशींना दादा म्हणाले, अंगठा चालंल. त्या म्हणाल्या, "अंगठा का म्हनून? मला येतंय की." त्यांनी गुडघ्यावर कागद ठेवून सावकाश सही केली, आम्ही सगळे तिथंच उभे राहिलो. मग फोन बाहेर काढला. मी पदरानं पुसायला गेले तर दादा म्हणाले, "चिखल राहू दे." पिशवीत घालून गाठ मारली.

दोन दिवसांनी पिशवी घेऊन लातूरच्या दुकानात गेले. पोरीनं पंचनामा वाचला. आधी ओठ दाबले, मग तिला राहवेना, टेबलावर डोकं ठेवून हसली. मग माझं तोंड बघून ती सावरली आणि काऊंटरवरून पुढं वाकून हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, ऐका माझं. हा कागद फाडून टाका. फॉर्मवर लिहा, कपडे धुताना बादलीत पडला, लगेच काढला. आठ दिवसांत पास होतो. हे जोडलं तर कधीच होणार नाही. सव्वा तास पाण्यात ठेवला असं आपणच लिहून देतंय का कुणी?"

पोरगी वाईट नव्हती. माझ्या भल्याचंच सांगत होती. मी फॉर्म घेतला, पेन घेतलं, "कपडे धुताना" एवढं लिहिलंसुद्धा. आणि माझा मलाच राग आला. चौदा वर्षं मी गाडीत काय ऐकतेय? मिशी फुटायला आलेलं पोरगं मांडीवर घेऊन आया सांगतात, "मॅडम, ह्याला आता पाचवं लागलंय." मी त्यांना भर गाडीत उभं करून पूर्ण तिकीट घेते. "खरं बोलायला पैसे पडतात का?" असं विचारते. हो, पडतात! त्या दिवशी मला कळलं, चांगले एकवीस हजार पडतात. पण म्हणून काय झालं? दादांनी पट्टी घेऊन पाणी मोजलं, दोन माणसांनी कामं टाकून सह्या केल्या, आणि मी ते सगळं ह्या काऊंटरवर टराटरा फाडू? मी लिहिलेलं खोडलं. खोडलेल्याच्या पुढं लिहिलं, "शेतात पाण्यात पडला. सविस्तर पंचनामा सोबत जोडला आहे."

पोरगी म्हणाली, "मॅडम, जाणार बघा पैसे."

"जाऊ दे. कागद जोड."

बाहेर ड्रायव्हर चहा पीत होते. सगळं ऐकून म्हणाले, "दोघं बापलेक सारखेच." ही शाबासकी होती का काय, अजून कळलेलं नाही.

पुढं डेपोतल्या एकीचा जुना बटणांचा फोन वापरत होते. आठवड्यानं कंपनीतून एका माणसाचा कॉल आला, गाडी लोह्याच्या पुढं असताना. भरगच्च गाडी. फोन खांद्यानं कानाला दाबून मी तिकिटं फाडत होते. तो शुद्ध गोड बोलत होता. "मॅडम, उपकरण पाण्यात आहे हे आपल्याला माहीत होतं?"

"माहीत म्हणजे? डोळ्यांसमोर होतं."

"तरी आपण ते काढलं नाही?"

"पंचनामा व्हायचा होता."

मग तो म्हणाला, "मॅडम, सव्वा तास कुणी फोन पाण्यात ठेवतं का?" आणि मागं कुणीतरी हसल्याचं मला ऐकू आलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आमच्याकडं ठेवतात!" मी ओरडले. अख्खी गाडी वळून बघायला लागली. "तुमच्या पुस्तिकेत काय लिहिलंय, वाचलंय का तुम्ही?" कारण फॉर्म देऊन आले त्याच संध्याकाळी मी साड्यांखालून ती पुस्तिका काढली होती आणि दोन दिवस लावून अक्षर अन् अक्षर वाचली होती. "कंपनीची तपासणी होईपर्यंत उपकरणाच्या स्थितीत बदल करू नये, असं तुम्हीच छापलंय. माझ्या वडलांनी बदल केला नाही. चूक कुणाची? छापणाऱ्याची का पाळणाऱ्याची?"

"मॅडम, ते दुरुस्तीबद्दल आहे. म्हणजे बाहेर कुठं रिपेअर करू नये, असा अर्थ."

"मग तसं छापा! अन् जे काय उत्तर द्यायचं ते मराठीत द्या, लेखी द्या, दोन ओळी जास्त झाल्या तरी चालतील."

मागच्या सीटवरून एक म्हातारबाबा म्हणाले, "अशी सुनाव, बाई." मला त्याही स्थितीत बरं वाटलं.

उत्तर मराठीत यायला अजून पंधरा दिवस गेले. आलं ते ड्रायव्हरांच्या फोनवर, कारण फॉर्मवर ई-मेलचा पत्ता त्यांचा दिला होता. नामंजूर. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: "ग्राहकाने सोबत जोडलेल्या पंचनाम्यावरून असे स्पष्ट होते की, सदर उपकरण अकरा वाजून दहा मिनिटांपासून बारा वाजून पंचवीस मिनिटांपर्यंत पाण्यात होते, अकरा वाजून चाळीस मिनिटांनी ते चालू स्थितीत होते, व ग्राहकास त्याची पूर्ण माहिती असूनही ते बाहेर काढण्यात आले नाही."

फोन गेला त्याचं मला एवढं काही वाटलं नाही. पगार आहे, पुन्हा घेईन. पण हे दादांना कसं सांगायचं? जन्मभर गावाचे कागद लिहिलेला माणूस. त्याच्याच अक्षरानं त्याच्या लेकीचा दावा पडला, हे त्यानं वाचायचं? उद्या गावात झालं की दादांच्या पंचनाम्यानं फोन बुडाला, तर लोक हसतील, आणि पुढच्या पावसात त्यांच्या दारात कोण येईल? दादांना दुसरं काय आहे? आई नाही, मी नांदेडला. माणसं कागद घेऊन येतात, ओट्यावर बसतात, चहा पितात, एवढंच तर आहे.

ड्रायव्हर म्हणाले, "सांगूच नका. मंजूर झालं म्हणा, नवा फोन घ्या अन् दाखवा नेऊन. म्हाताऱ्या माणसाला कशाला?"

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, पटलंच. दादांचा रोज संध्याकाळी फोन यायचा, "आलं का काही?" आणि मी म्हणायची, "तपासून राहिलेत." दुकानात फॉर्मवर खोटं लिहायला मला लाज वाटली होती आणि इथं मी बापाला रोज फसवत होते. दहा-बारा दिवस असे काढले. शेवटी एके दिवशी दादा म्हणाले, "बाई, उशीर लागून राहिला तर मी येतो लातूरला. बसतो त्यांच्या दारात." तेव्हा मला दम निघेना. उत्तराची प्रिंट काढली, सुट्टीच्या दिवशी सकाळची हदगाव गाडी धरली.

दादा ओट्यावर फवारणीचा पंप धूत बसले होते. मी कागद दिला. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि वाचायला लागले. मी आधीच बोलायला सुरुवात केली, "दादा, तुमचं काही चुकलेलं नाही. लोक हरामखोर आहेत. पुस्तिकेत त्यांनीच..." दादांनी हात वर करून मला गप्प केलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं, ओळीखाली बोट धरून.

"हे अकरा दहा अन् बारा पंचवीस," ते म्हणाले, "हे माझ्या कागदातलं हाय."

"हाव, दादा."

"वाजला म्हनून लिवलं ते बी घेतलंय."

"घेतलंय."

"म्हंजी वाचला त्यांनी."

मला कळेना काय म्हणतायत. दादांनी चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते दुःख नव्हतं. "अगं, इतकी वर्सं गावाचे पंचनामे लिवतोय. मंजूर झाले, नामंजूर झाले. पन कुनी त्यातली एक वळ वाचली हाय, असं कवाच कळलं न्हाई. आकडा यायचा न्हाईतर यायचा न्हाई. मला वाटायचं, कुठंतरी गठ्ठ्यात पडून राहात असतील. ह्यांनी घड्याळाचा काटा बी सोडला न्हाई."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. म्हटलं, "अहो दादा, वाचलं ते आपल्याला बुडवायला वाचलं!"

"बुडवायला का हुईना. वाचता येतंय ना त्यांला? मग आता आनखी वाचू दे." ते उठले, आतून कोरे कागद घेऊन आले. "ह्याच्या वर कोन बसतंय कंपनीत? तक्रारीचा असंल की कुनीतरी. त्याला लिवू. अर्ज तुझ्या नावानं हाय तर तूच लिव, मी सांगतो. अन् नवा फोन घेशील त्याचा विमा काढायचा."

"परत? काय मिळालं पहिल्यातून?"

"बिनविम्याच्या मानसाचा कागद कोन वाचतंय, सांग मला?"

तर विचारणाऱ्यांनो, माझं उत्तर हे आहे. मी पुन्हा काढला. तुमच्या घरी असा लिहिणारा असेल तर काढा, नसेल तर जाड कव्हर घाला.

त्या दुपारी आम्ही अर्ज लिहायला बसलो. पुस्तिकेतलं कलम मी आधी घातलं. मग पाण्याचा भाग आला. मला वाटलं आता तरी जरा शहाणपणानं घ्यावं. म्हटलं, "दादा, इथं सव्वा तास नको लिहायला. 'काही वेळ' लिहू. तेवढ्यावरच त्यांनी आपल्याला धरलंय."

दादा म्हणाले, "अन् त्या दोघांनी सही कशावर केलीय? काही वेळावर का सव्वा तासावर? निंदनारीनं गुडघ्यावर कागद ठेवून केलीय. आपन आता मागं सरलो तर ती मानसं खोटी पडतात." त्यांनी बोटानं कागदावरची जागा दाखवली. "लिव. सव्वा तास. अन् का ठेवला ते बी लिव."

मी लिहिलं.